चौथ्या घराची पिटकुळी

पानांवरची धूळ मोजणं हे माझं काम आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग जरा जपून विचारतात, "पण कशासाठी?" गोव्यात पेडण्याकडं, कोरगावला, आमच्या घरी तेवढंही कुणी विचारलं नाही. आई एवढंच म्हणाली, "आमी इतकीं वर्सां धूळ झाडतांव, आमकां कोण पदवी दिना. तुका मोजल्यार दितात?" देतात, पण फार रडवून देतात, हे मी तिला सांगितलं नाही.

माझा स्वभाव चौकस आणि वर हट्टी. एखाद्या गोष्टीचं कारण कळलं नाही तर मला जेवण गोड लागत नाही. अशा बाईनं खरं तर पोलिसात जायला हवं होतं. मी वनस्पतिशास्त्राकडं गेले, कारण माणसं काहीही सांगतात, झाडं खोटं बोलत नाहीत, अशी माझी पक्की समजूत होती.

काम असं होतं. डिचोलीकडच्या एका गावातून खाणीचे ट्रक जातात. त्या रस्त्याला लागून असलेली पाच घरं मी निवडली. प्रत्येक घरापुढं कुंपणाला शोभेची झाडं होती. कुठं जास्वंद, कुठं क्रोटन, आणि पाचही घरी पिटकुळी. नर्सरीवाले तिला एक्झोरा म्हणतात आणि काहीतरी परदेशी असल्याच्या थाटात विकतात. आमच्याकडं ती कुठंही उगवते, तांबड्या फुलांचे झुबके येतात, आणि त्या फुलांचे देठ चोखून मध खाल्ला नाही असं मूल पेडण्यात सापडायचं नाही. दर पंधरवड्याला जायचं, ठरलेल्या उंचीवरची पानं खुडायची, पिशवीत घालून प्रयोगशाळेत आणायची. तिथं मऊ ब्रशनं शुद्ध पाण्यात धुवायची, ते पाणी कागदातून गाळायचं, कागद वाळवायचा आणि तोलायचा. कोऱ्या कागदाचं वजन वजा केलं की उरली ती धूळ. शिवाय पानं किती हिरवी आहेत, किती करपलीत, नवी पालवी किती, हेही लिहायचं.

तुलनेला एक बिनधुळीचं घर हवं होतं, म्हणून आमचंच घेतलं. आमच्या कुंपणावरून मी पानं खुडायला लागले की आई शेजारणीला ओरडून सांगायची, "आमचीं पानां नितळ आसात, तरी पळय, पिशवेंत घालून व्हरता." काही मिळू नये म्हणूनच नेते आहे, हे तिला पटवायचा नाद मी लवकरच सोडला.

पाचांपैकी चौथं घर होतं एका काकींचं. पन्नाशी उलटलेल्या, उंच, नवरा काही वर्षांपूर्वी गेलेला, मुलगी लग्न होऊन वास्कोला. घरात एकट्या, पण घर असं की सोप्यावर बसताना आपलेच पाय झटकावेसे वाटावेत. मी गेले की पानं खुडून होईपर्यंत कोपात, म्हणजे काचेच्या पेल्यात, चहा आणि बशीत दोन कांकणं तयार असायची. कांकण म्हणजे पोदेराकडचा, पाववाल्याकडचा, कडक, बांगडीएवढा पाव. चहात बुडवल्याशिवाय तो दातांना दाद देत नाही. काकी स्वतः चहा घ्यायच्या नाहीत, समोर बसून माझी वही बघायच्या.

"हें सगळें विद्यापीठांत दाखयतात?" एकदा त्यांनी विचारलं.

"हो तर," मी ऐटीत म्हटलं. "तुमच्या घराची वेगळी बशी, वेगळा कागद, त्यावर चार नंबर लिहिलेला. सगळे बघतात."

काकी गंभीर झाल्या. तेव्हा मला वाटलं, माझ्या कामाचं महत्त्व त्यांना कळलं.

पहिल्या काही महिन्यांतच चार नंबरच्या कागदानं मला कोड्यात टाकलं. बाकीच्या चार घरांचे कागद तांबडेलाल, आणि काकींचा जवळपास आमच्या कोरगावच्या कागदासारखा. पानंही तुकतुकीत, झुबके टच्च भरलेले. घर तर रस्त्यापासून दहा पावलांवर. मी वाऱ्याची दिशा बघितली. रस्त्याचं वळण मोजलं. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर पाणी मारणारा एक टँकर दिवसातून दोनदा फिरायचा, तो काकींच्या दारासमोर जास्त वेळ थांबतो की काय, म्हणून एक अख्खी सकाळ झाडाखाली बसून पाळत ठेवली. तो कुठंच थांबत नव्हता. मग पाचही घरांच्या गडग्यांवर, म्हणजे आवाराच्या दगडी भिंतींवर, मी काचेची एकेक पसरट ताटली ठेवली, हवेतून पडणारी धूळ झेलायला. पंधरवड्यानं बघितलं तर काकींच्या ताटलीत इतरांइतकीच धूळ!

म्हणजे धूळ पडते आहे, पण पानावर राहत नाही. मला तर गगन ठेंगणं झालं. काकींच्या पिटकुळीची पानं मी सूक्ष्मदर्शकाखाली कितीदा घातली याची गणती नाही. तिच्या पानावरचा मेणाचा थर जाड असणार, असं मी ठरवून टाकलं. खरं सांगायचं तर तो जाड दिसत नव्हता. पण दिसावा असं मला इतकं वाटत होतं की शेवटी तो दिसायला लागला.

त्याच रस्त्यावर पुढं प्राथमिक शाळा आहे. तिच्या हेडबाई मला रस्त्यात गाठून म्हणाल्या, "तुम्ही झाडांचं बघता ना? मग आम्हाला एक सांगा." शाळेच्या आवारापुढं कुंपण घालायचा त्यांनी दोनदा प्रयत्न केला होता. ट्रकांची धूळ थेट वर्गात येऊ नये, निदान आडोसा व्हावा. दोन्ही वेळा मुलांनी आपापलं रोप लावलं, नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या, आणि दोन्ही वेळा उन्हाळ्यापर्यंत सगळं वाळून गेलं. "तिसऱ्यांदा मुलांना मेलेली झाडं दाखवायची नाहीत मला," त्या म्हणाल्या. "तगेल असं एक झाड सांगा. एकच."

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी लगेच म्हणाले, "काकींची पिटकुळी लावा." आमच्या सरांनी, म्हणजे मार्गदर्शकांनी, अजून माझे आकडे पुरते तपासलेही नव्हते. काकींना विचारलं तर त्या हरखल्या. पावसात त्यांनी आपल्या कुंपणाच्या फांद्या छाटून दिल्या. मुलांनी त्या पिशव्यांत लावल्या आणि शाळेच्या मागच्या पडवीत, धुळीपासून लांब, रांगेनं मांडल्या. मुळं धरून रोपं बळकट झाली की पुढच्या जूनमध्ये जमिनीत लावायची असं ठरलं. मुलांनी यावेळीही चिठ्ठ्या बांधल्या होत्या.

आता यात एक गोष्ट सांगायची राहिली, आणि तीच महत्त्वाची. कुणाच्या दारात न कळवता उभं राहायचं नाही, हे आम्हाला घरी लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळं मी दर खेपेला आदल्या दिवशी पाचही घरी फोन करायचे. "उद्या सकाळी येते हं." सरांनीही कधी हरकत घेतली नाही. सभ्यपणाला कोण हरकत घेणार?

फेब्रुवारीत एकदा माझ्या खुडायच्या दिवशीच बस बंद राहणार असल्याचं कळलं, म्हणून मी फोन न करता एक दिवस आधीच गेले. चौथ्या घराच्या फाटकाशी आले आणि थबकले. पिटकुळीचं कुंपण तांबडं होतं. फुलं तांबडी ती वेगळी. पानं, देठ, कळ्या, सगळ्यांवर विटकरीच्या भुकटीसारखी धूळ. मी बोट फिरवलं तर खाली हिरवं पान निघालं.

काकी हात पुसत बाहेर आल्या आणि मला बघून त्यांचा चेहरा पडला.

"अगो, तूं फाल्यां येतलें न्हय?"

"उद्या बस नाही म्हणून आज आले. काकी, हे काय झालं?"

"आज धुवूंक ना मगो अजून!" त्या जवळजवळ रडकुंडीला आल्या. "पांच मिनटां बस. चाय घेय. इतल्यांत हांव धुतां."

मला आधी हसू आलं, आणि मग मी हिशेब केला. दीड वर्ष! दर पंधरवड्याला माझा फोन ठेवला की या बाई बादली आणि फडकं घेऊन कुंपणाचं पान नि पान पुसत होत्या. रात्री पडेल तेवढीच धूळ मी सकाळी येऊन, मोठ्या काळजीनं, विद्यापीठात नेत होते.

"पण का, काकी?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "सोयरीं येवपाचीं आसल्यार घर सारयनात?" त्या म्हणाल्या. "आनी तूं तर म्हज्या घरचीं पानां सगळ्यांक दाखयतलें. चार नंबराचें घर म्हेळें अशें लोकांनी म्हणपाक जाय?" म्हेळें म्हणजे मळकं.

"आणि गडग्यावरची ताटली? ती नाही धुतलीत कधी?"

"ती तुजी," काकी म्हणाल्या. दुसऱ्याच्या वस्तूला हात कसा लावायचा?

मेणाचा थर, वारा, वळण, टँकर! काखेत कळसा आणि गावाला वळसा. झाड खोटं बोललं नव्हतंच. मीच फोन करून त्याला आदल्या दिवशी आंघोळ घालायला लावली होती. उरलेल्या चार घरी मी त्याच दिवशी अचानक जाऊन आले. तिथं कुणी कधी काही धुतलं नव्हतं. पाहुण्यांसाठी एवढी यातायात करणाऱ्या एकट्या आमच्या काकीच.

सर शांतपणे म्हणाले, "चार नंबर खोडून टाक. घरं चारच होती असं समज." वहीतून खोडणं सोपं होतं. शाळेच्या पडवीत चिठ्ठ्या बांधलेली रोपं मी कशी खोडणार होते? हेडबाईंना काय सांगायचं हे ठरवायच्या आधी मला एक गोष्ट कळायला हवी होती. न धुता ही पिटकुळी या रस्त्यावर जगते का? बाकीच्या घरांची पिटकुळी खुरटलेली होती, पण ती जुनी झाडं, कुणी कधी खतपाणीही न केलेली. मला एकच झाड, एकच माती, एकच हात हवा होता. आणि आत कुठंतरी, लाज वाटत असतानाही, मला भारी उत्सुकता लागून राहिली होती. धुतल्यानं नेमकं होतं तरी काय?

मी काकींकडं गेले आणि म्हणाले, "फाटकाच्या डावीकडचं कुंपण दर तिसऱ्या दिवशी धुवा. उजवीकडच्याला हात लावू नका."

काकींनी कपाळाला हात लावला. "दोगां भुरगीं आसल्यार एकाक न्हाणोवचें आनी दुसऱ्याक तशेंच दवरचें?"

"हो," मी म्हटलं. "शाळेसाठी. मुलांसाठी. मे महिन्यापर्यंतच."

त्यांनी उजवीकडच्या एका पानावरची धूळ बोटानं पुसली. मग म्हणाल्या, "भुरग्यांखातीर जाल्यार करतां." आणि लगेच पुढं, "पूण तूं येता त्या दिसा त्या बाजूक बसूं नाका. म्हाका लज दिसता."

मार्च आणि एप्रिल मी अगदी मजेत काढले, हे कबूल करते. दर खेपेला बसमधून उतरताना माझी पावलं आपोआप भरभर पडायची. आता फोन नाही, काही नाही. डावीकडं पालवी फुटायची, उजवीकडं पानांच्या कडा करपत जायच्या. उजवीकडच्या कळ्या धरायच्या आणि न उमलता काळ्या पडायच्या. पान श्वास घेतं ती बारीक छिद्रं धुळीनं बुजलेली सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसत होती, आणि यावेळी ती दिसावीत म्हणून मला डोळे ताणावे लागत नव्हते. एप्रिल संपता संपता फाटकाशी उभं राहिलं की दोन वेगळ्या घरांची कुंपणं वाटावीत, इतका फरक पडला. येणारे-जाणारे विचारत होते. काकी त्यांना सांगायच्या, "ही बाजू म्हजी. ती बाजू विद्यापीठाची."

म्हणजे न धुता पिटकुळी जगत नाही, पण धुतली तर मस्त जगते. मला वाटलं, सुटलो! मुलांनी आठवड्यातून दोनदा कुंपण धुवायचं. खेळाच्या तासाला. मुलांना पाण्यात खेळायला आवडतंच. हेडबाईंना आनंदाची बातमी द्यायला मी निघालेच होते, पण आधी काकींना सांगावं म्हणून त्यांच्याकडं गेले.

मी सगळं एका दमात सांगितलं. काकींनी माझी वही मिटून बाजूला ठेवली.

"काय झालं? चांगली बातमी आहे ना?"

"बरी आसा," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

त्या दिवशीची पानं खुडून माझे हात धुळीनं तांबडे झाले होते. काकींना कशाला त्रास, हात धुवायला आपणच विहिरीचं पाणी काढावं, म्हणून मी घराला वळसा घालून मागं गेले. दोन वर्षं या घरात येत होते, पण माझी झाडं पुढं, माझा चहा सोप्यावर. मागं मी कधी गेलेच नव्हते. विहिरीच्या काठावर दोर नीट गुंडाळून ठेवला होता. मी कळशी सोडली. ती बराच वेळ जात राहिली आणि मग खडकावर आपटल्याचा आवाज आला.

मागं वळले तर दारात काकी उभ्या होत्या.

"तीन वर्सां जालीं," त्या म्हणाल्या. डोंगराआडची खाण खोल जात गेली तसं बांयचं, म्हणजे विहिरीचं, पाणी खाली खाली गेलं आणि एका मार्चमध्ये संपलं, असं त्यांनी सांगितलं. नळाला चढावर धार येत नाही. पाणी येतं ते टँकरनं, दोन दिवसांआड. दाराशी दोन निळी पिंपं होती. एक रिकामं, एक अर्धं. "रस्त्याक दिसाक दोनदां उदक मेळटा," काकी म्हणाल्या. "आमकां दोन दीस सोडून."

"मग झाडं कशानं धुतलीत? भांड्यांच्या पाण्यानं?"

"छे गो! साबू लागल्यार तुजें माप चुकचें ना?" पिंपातलं पिण्याचं पाणी. दर खेपेला चार बादल्या. या दोन महिन्यांत दर तिसऱ्या दिवशी.

"आणि तुम्ही?"

"हांव व्हनीगेर वचून न्हातालीं." म्हणजे भावजयीकडं. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, मी दोनदा ते घर बघितलं आहे, चालत चांगला अर्धा तास लागतो. एप्रिलच्या उन्हात.

मी जरा रागानंच म्हटलं, "मला सांगितलं का नाहीत?"

काकींना माझ्या रागाचं नवल वाटलं. "तूं पानां मोजतालें," त्या म्हणाल्या. "उदक तुवें केन्नाच विचारूंक ना."

चहा झाला होता. मी तो प्यायले, कारण न पिऊन टाकून दिला असता तर त्याचं पाणीही वाया गेलं असतं. कोपभर चहाचा असा हिशेब मी त्याआधी आयुष्यात कधी केला नव्हता.

तिथून मी शाळेत गेले. शाळेचं पाणीही त्याच टँकरचं, हे मला आता विचारायची गरज नव्हती, तरी विचारलं. हेडबाई म्हणाल्या, "प्यायला पुरतं. जेमतेम." मग मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. माझे फोन, काकींचं धुणं, माझी घाई, अर्धं कुंपण. त्यांनी मध्येच एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे लावायची नाहीत."

"नाही. पावसात चांगली वाढतील. नोव्हेंबरनंतर मरतील."

"मग काय लावू?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. दोन वर्षांत हे वाक्य मी कुणासमोर पहिल्यांदाच उच्चारलं. ते म्हणताना बरं वाटलं नाही, पण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सुट्टी लागणार होती. हेडबाईंनी जरा विचार केला आणि मुलांना पडवीत बोलावलं. आपापलं रोप आपापल्या घरी न्यायचं, त्या म्हणाल्या. रस्त्यापासून लांब, घराच्या मागं लावायचं. मेलं, असं यावेळी कुणी म्हणायचं नाही. मुलांना कारण सांगायचीही गरज पडली नाही. झाड घरी न्यायला मिळतंय याचाच त्यांना इतका आनंद झाला की चिठ्ठ्या वाचून पिशव्या शोधताना नुसता गोंधळ उडाला.

मी फाटकापर्यंत त्यांच्याबरोबर गेले. छातीशी पिशव्या धरून मुलं एकामागं एक रस्त्याच्या कडेनं निघाली. पावसाळा जवळ आला की ट्रकांची घाई वाढते. पाठोपाठ तीन भरलेले ट्रक वळणावरून आले. कुणीही काही सांगितलं नव्हतं, तरी सगळी मुलं रस्त्याकडं पाठ करून उभी राहिली. कुणी रुमाल काढला, कुणी नुसता तळहात पसरला, एका मुलीनं फ्रॉकचा घेर उचलला, आणि सगळ्यांनी आपापलं रोप झाकलं. नाकावर हात कुणीच ठेवला नाही. ट्रक गेले. रोपं हिरवी राहिली होती. मुलं तांबडी झाली होती.